सूर्याची वीज आणि तिचा ताल

20 सप्टेंबर 2017 रोजी पहाटे ‘मारिया’ नावाचे चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको या बेटावर आदळले. अमेरिकेच्या अधिपत्याखालील या बेटावर विजेचे सुमारे पंधरा लाख ग्राहक होते. त्या एका दिवसात सर्वांची वीज गेली. खांब उन्मळून पडले, डोंगरमाथ्यावरील मनोरे वाकले, तारा दऱ्यांत लोंबकळू लागल्या. मध्यभागातील डोंगराळ गावांपैकी काहींना वीज परत मिळण्यास जवळजवळ अकरा महिने लागले.

वादळ ओसरले आणि उष्ण कटिबंधातले ते लख्ख ऊन पुन्हा पडले. बेटावरील पुष्कळ घरांच्या छपरांवर सौर पॅनेले बसविलेली होती. त्यांतील कित्येक वाऱ्याच्या त्या माऱ्यातूनही शाबूत राहिली होती. उन्हात ती चकाकत होती. आणि तरीही त्यांच्याखालच्या घरांत रात्री मेणबत्ती जळत होती, दिवसा शीतकपाटातील औषधे नासत होती. छपरावर हजारो वॉट, आणि खाली एक दिवाही नाही! हा काय प्रकार असावा, असा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला. त्याचे उत्तर यंत्रातील बिघाडात नव्हते. यंत्रे आपापल्या नियमांप्रमाणे अगदी बरोबर वागत होती. उत्तर शोधावयाचे तर विजेच्या इतिहासात सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

4 सप्टेंबर 1882 रोजी एडिसनने न्यूयॉर्क शहरात पर्ल स्ट्रीटवरील आपले वीजघर सुरू केले. ती वीज एकाच दिशेने वाहणारी होती. विहिरीवरच्या पाटाचे पाणी जसे एकाच बाजूस जाते तसे. पण ही वीज फार लांब नेता येत नसे, मैलभराच्या पलीकडे तिचा जोर ओसरे. वेस्टिंगहाउस आणि टेस्ला यांनी पुरस्कारिलेली दुसरी वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे सेकंदात अनेक वेळा दिशा पालटणारी होती. ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्याने तिचा दाब वाढविता व उतरविता येई. म्हणून ती दूरवर जाई. 1896 साली नायगाराच्या धबधब्यावरील वीज बफेलो शहरात पोहोचली आणि या वादाचा निकाल लागल्यासारखे झाले. आज भारतात ही दिशा पालटण्याचे आवर्तन सेकंदास 50 वेळा पुरे होते, अमेरिकेत व पोर्तो रिकोत 60 वेळा. या आवर्तनसंख्येस वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. हजारो मैल पसरलेल्या जाळ्यातील प्रत्येक जनित्र याच एका तालावर फिरत असते.

एक प्रकारची वीज दुसऱ्या प्रकारात पालटण्याची गरज मात्र तेव्हापासूनच होती. उलटसुलट विजेपासून सरळ वीज करणाऱ्या यंत्रांचा वापर आधी रूढ झाला. तीच क्रिया उलटी केली तर सरळ विजेपासून उलटसुलट वीज मिळेल, या विचाराला 1925 साली डेव्हिड प्रिन्स या अमेरिकन अभियंत्याने आपल्या एका लेखात नाव दिले, ‘इन्व्हर्टर’, म्हणजे उलटविणारा. आपल्याकडे हा शब्द जिन्याखाली बॅटरीसह ठेवलेल्या पेटीसाठी रूढ झाला आहे. लाइट गेली की ती पेटी घुमू लागते आणि स्वस्त जातीची असली तर पंखाही तिच्याबरोबर घुमतो, कारण तिच्या विजेची लहर गोलाकार नसून खडबडीत असते. ही घरगुती पेटी पुढे आपल्या कथेत पुन्हा येणार आहे. सध्या एवढेच लक्षात ठेवावे, की ती आपला ताल आपणच धरते.

आता सूर्याकडे वळू. सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालविण्याचा एक मोठा प्रयोग मुंबईतच झाला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मुंबई उच्च न्यायालयातील एक इंग्रज अधिकारी विल्यम ॲडम्स यांनी सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून त्यांचा प्रकाश एका बाष्पपात्रावर एकवटला आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन कुलाब्यास चालवून दाखविले. 1878 साली त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. उष्ण प्रदेशात कोळशाऐवजी ऊन वापरावे, हा त्याचा आशय. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात मूशो या फ्रेंच प्राध्यापकाने उन्हाच्या वाफेवर बर्फ तयार करून दाखविला. कोर्टकचेरीच्या माणसाने फावल्या वेळात आरसे जुळवीत बसावे, याचे तेव्हाच्या मुंबईकरांस कौतुक वाटले असेल की हसू आले असेल, कोण जाणे. कोळसा स्वस्त राहिला आणि दोन्ही प्रयोग मागे पडले.

उन्हापासून थेट वीज मिळविण्याचा मार्ग निराळा. 1839 साली एदमों बेकरेल या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने प्रकाशाने विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो हे पाहिले. 1883 च्या सुमारास चार्ल्स फ्रिट्स याने सेलेनियमचा घट बनविला, पण त्यावर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम शंभरावा हिस्सा विजेत उतरे. खरा पालट झाला तो 25 एप्रिल 1954 रोजी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील चॅपिन, फुलर व पीअर्सन यांनी सिलिकॉनचा घट जगापुढे मांडला, आणि त्याने सहा टक्के प्रकाशाची वीज केली. या शोधामागील गरज ध्यानात घेण्याजोगी आहे. दमट उष्ण प्रदेशांत टेलिफोनच्या दूरच्या ठाण्यांवरील कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत. कोकणात वा गोव्यात एक पावसाळा काढलेल्या कोणासही यात नवल वाटणार नाही. म्हणजे सौर घटाचा जन्मच मुळी तारांच्या जाळ्यापासून दूर असलेल्या जागेसाठी झाला. 17 मार्च 1958 रोजी अवकाशात गेलेल्या ‘व्हॅनगार्ड-1’ या लहानशा उपग्रहातील रासायनिक बॅटरी काही महिन्यांतच संपली. त्याचे सौर घटांवरील प्रक्षेपक यंत्र मात्र 1964 पर्यंत बोलत राहिले.

तथापि घट महाग होते. 1956 च्या सुमारास एका वॉटमागे सुमारे 300 डॉलर खर्च येई. सत्तरीच्या दशकात किंमत उतरली, तेव्हा समुद्रातील तेलविहिरी, दीपस्तंभ, दूरध्वनीचे मनोरे यांनी प्रथम त्यांचा अंगीकार केला. आफ्रिकेतील माली देशात दुष्काळाने विहिरी आटल्या असता फादर बर्नार व्हेर्स्पिरेन या मिशनरी धर्मगुरूंनी सौर पंपांनी खोलवरचे पाणी उपसण्याचे काम हाती घेतले. डिझेलचे पंप वाळवंटी रस्त्याने सुट्या भागांची वाट पाहत बंद पडत, हा त्यांचा अनुभव होता. या सर्व ठिकाणी मांडणी एकच होती. पॅनेल, बॅटरी आणि सरळ विजेवर चालणारे उपकरण. मध्ये ताल धरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सरळ विजेला ताल नसतो.

तो प्रश्न उभा राहिला सौर पॅनेल शहरातील घराच्या छपरावर चढले तेव्हा. तेथे उलटसुलट वीज आधीच आलेली होती. पॅनेलांची वीज इन्व्हर्टरने पालटून त्याच तारांत सोडावयाची, बॅटरीचा खर्चही नको, असा सोपा हिशेब झाला. पण हा इन्व्हर्टर जिन्याखालच्या पेटीसारखा स्वतंत्र नव्हता. तो रस्त्यावरील विजेचा ताल ऐकतो आणि त्याच तालावर आपली वीज ओततो. भजनात पखवाजाच्या ठेक्यावर टाळकरी टाळ धरतात, त्यातला प्रकार. पखवाज थांबला की टाळही थांबावयाचे.

आणि थांबणे त्यास कायद्याने भाग होते. रस्त्यावरील वीज गेली असता एखाद्या छपराची वीज तारेत चालूच राहिली, तर ती तार मृत समजून हात लावणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. म्हणून बाहेरचा ताल थांबताच किंवा ठरलेल्या मर्यादेबाहेर जाताच इन्व्हर्टरने सेकंद-दोन सेकंदांत स्वतःस तोडून घ्यावे, असा नियम जगभर झाला. अमेरिकेतील 2003 च्या मानकाप्रमाणे लहान सौर यंत्रांसाठी ही मर्यादा 59.3 ते 60.5 हर्ट्झ होती, आणि ताल सुधारल्यावरही पाच मिनिटे थांबून मगच पुन्हा जोडावयाचे होते. पोर्तो रिकोतील छपरे मुकी का झाली, याचे हे उत्तर. नियम योग्य होता. माणसांचा जीव वाचविण्यासाठी केला होता. पण त्या नियमावर आयुष्य काढलेली यंत्रे एकटे उभे राहण्यास कधी शिकलीच नव्हती.

याच जातीचे सर्वांत लहान यंत्र म्हणजे मायक्रो-इन्व्हर्टर. पूर्वीच्या पद्धतीत आठ-दहा पॅनेले माळेसारखी ओवून सर्वांची सरळ वीज एका मोठ्या इन्व्हर्टरकडे नेत. माळेतील एका पॅनेलवर नारळाच्या झावळीची सावली पडली की सबंध माळेचा प्रवाह खाली येई. शिवाय माळेत पुढे एखादे निराळ्या बनावटीचे पॅनेल ओवणे कठीण. मायक्रो-इन्व्हर्टर प्रत्येक पॅनेलच्या पाठीशी स्वतंत्र बसतो आणि तेथल्या तेथेच घरगुती वीज करून देतो. 1993 साली हॉलंडमध्ये 130 वॉटचा असा इन्व्हर्टर निघाला. पण तेव्हा तो फारसा फैलावला नाही. 2006 साली कॅलिफोर्नियात मार्टिन फोर्नाज आणि भारतीय वंशाचे रघू बेलूर या दूरसंचार क्षेत्रातून आलेल्या दोन अभियंत्यांनी एन्फेज ही कंपनी काढली आणि 2008 मध्ये 175 वॉटचे यंत्र बाजारात आणले. त्यानंतर ही पद्धत खऱ्या अर्थाने रुळली. तिचा मोठा गुण म्हणजे वाढविण्यातील सोय. आज चार पॅनेले, पुढील वर्षी आणखी दोन. जुन्यांशी त्यांचे जुळले पाहिजे असे नाही, कारण सर्वांची भेट शेवटी घरगुती विजेच्या तारेतच होते.

जाळ्यापासून दूर, बॅटरीवर चालणाऱ्या घराच्या मालकास हे ऐकून मोह पडतो. आपल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरने ताल धरावा आणि वाढीव पॅनेलांच्या मायक्रो-इन्व्हर्टरांनी तो ऐकून वीज ओतावी! कल्पना चुकीची नाही. परंतु तिच्यात एक खोच आहे, आणि ती उलगडण्याचे श्रेय एका ग्रीक बेटास व एका जर्मन शहरास आहे.

जर्मनीतील कासेल येथील प्राध्यापक व्हेर्नर क्लाइनकाउफ यांच्या विद्यार्थ्यांनी 1981 साली एसएमए नावाची लहान कंपनी काढली होती. एजियन समुद्रातील किथ्नोस हे उघडेबोडके बेट त्यांची प्रयोगभूमी झाले. 1982 साली युरोपातील पहिला पवनचक्क्यांचा समूह तेथे उभा राहिला, 1983 साली शंभर किलोवॉटचे सौर केंद्र. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्याच बेटावरील एका दरीतील बारा घरांची वस्ती. नाव गाइदुरोमांद्रा, म्हणजे गाढवांचा कोंडवाडा. सरकारी विजेची तार तेथून सुमारे चार किलोमीटर दूर. 2001 साली या बारा घरांसाठी एक स्वतंत्र जाळे उभारण्यात आले. दहा किलोवॉटची पॅनेले एका जागी न मांडता वस्तीत निरनिराळ्या ठिकाणी बसविली, प्रत्येक गटास आपला इन्व्हर्टर दिला. मध्यभागी 53 युनिट साठविणारी बॅटरी, तिच्यावर तीन ताल धरणारे इन्व्हर्टर आणि अडीअडचणीसाठी पाच किलोवॉटचे डिझेल जनित्र.

प्रश्न असा होता. भर दुपारी बॅटरी भरली, घरांतील माणसे समुद्रावर गेली, आणि पॅनेले तर वीज ओततच आहेत. ती जावी कोठे? ऐकणाऱ्या इन्व्हर्टरास बॅटरीची स्थिती कळण्याचा मार्ग नाही. प्रत्येकापर्यंत संदेशाची वेगळी तार ओढावी तर खर्च वाढतो आणि तार तुटली की घोटाळा. कासेलच्या लोकांनी काढलेला तोडगा साधा होता. तालच संदेशवाहक करावयाचा. बॅटरी भरत आली की ताल धरणारा इन्व्हर्टर आपला ठेका मुद्दाम किंचित जलद करतो. पन्नासावरून एक्कावन्न हर्ट्झच्या पुढे गेला की ऐकणारे इन्व्हर्टर आपली वीज हळूहळू कमी करू लागतात, आणि बावन्नापर्यंत ती शून्यावर येते. उलट बॅटरी उतरली की ठेका मंदावतो, आणि घराघरांतील नियंत्रक पाण्याच्या टाक्या भरणारे पंप आधी बंद करतात. दिवे चालू राहतात. मोठ्या वीजघरांतही भार वाढला की जनित्रे किंचित मंदावतात आणि चालकांस त्यावरून कळते. तीच जुनी खूण येथे बारा घरांपुरती उपयोगात आणली गेली. गवय्याने नुसती लय वाढवावी आणि साथीदारांनी काय ते समजावे, तसे.

मात्र लय ऐकून आवरते घेण्यासही क्षणभर वेळ लागतो, आणि खोच आहे ती या क्षणात. समजा, बॅटरीचा इन्व्हर्टर पाच किलोवॉटचा आहे. मालकाने पाच किलोवॉटची पॅनेले लावली होती, ती वाढवून आठ केली. दुपारी विहिरीवरचा पंप आणि पिठाची गिरणी चालू आहेत, सर्व सुरळीत आहे. अचानक दोन्ही बंद होतात. आठ किलोवॉटचा लोंढा उलटा फिरून बॅटरीच्या इन्व्हर्टरवर येतो. त्याची सोसण्याची शक्ती पाचांची. लय वाढविण्यास अवधी मिळण्यापूर्वीच तो स्वतःस वाचविण्यासाठी बंद पडतो. पखवाज थांबला की टाळ थांबतात. भर उन्हात सबंध घर अंधारात. म्हणून तारेवर जोडलेल्या पॅनेलांची एकूण शक्ती ताल धरणाऱ्या इन्व्हर्टरच्या शक्तीहून अधिक नसावी, हा दंडक झाला. बॅटरी ॲसिडची असेल तर आणखी एक मर्यादा. तिला तिच्या धारणशक्तीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा प्रवाह मानवतो. जुन्या जातीच्या मायक्रो-इन्व्हर्टरांना तर हळूहळू कमी होणे माहीतच नसे. लय मर्यादेबाहेर गेली की सर्व एकदम बंद, पाच मिनिटांनी सर्व एकदम चालू. अशा घरात दुपारभर हा लपंडाव चाले. डिझेल जनित्र चालू असताना तर अधिकच जपावे लागते, कारण उलट आलेली वीज साठविण्यास जनित्रापाशी बॅटरी नसते.

वाढ करावयाची ती या मर्यादा सांभाळून कशी करावी, याचे चांगले उदाहरण स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील एग या बेटाचे आहे. शंभरएक वस्तीच्या या बेटावरील कुळांनी 12 जून 1997 रोजी वर्गणी व देणग्या जमवून आपले बेट जमीनदाराच्या हातून सोडवून घेतले. तोवर घरोघरी डिझेलची जनित्रे धडधडत. 1 फेब्रुवारी 2008 रोजी त्यांनी आपले स्वतःचे वीजजाळे सुरू केले. ओढ्यांवरील पाणचक्क्या, त्यांत एक शंभर किलोवॉटची, चार लहान पवनचक्क्या आणि अवघी दहा किलोवॉट पॅनेले. मध्ये बॅटरी आणि तिच्यावर पाच-पाच किलोवॉटचे बारा ताल धरणारे इन्व्हर्टर. उन्हाळ्याच्या आरंभी तेथे पाऊस कमी, ओढे रोडावतात, आणि नेमके तेव्हाच ऊन भरपूर असते, हे अनुभवास आल्यावर पुढील पाच-सहा वर्षांत पॅनेले पन्नास किलोवॉटपर्यंत वाढविण्यात आली. बॅटरीच्या इन्व्हर्टरांची शक्ती आरंभीच साठ किलोवॉट ठेवलेली होती, म्हणून ही भर पचली. घरास पाच किलोवॉट आणि दुकान-व्यवसायास दहा, याहून अधिक एका वेळी कोणीही ओढावयाची नाही, असे गावाने ठरविले. ओढली तर वीज तुटते आणि ती जोडण्यास देखभाल करणाऱ्यास बोलवावे लागते. शेजाऱ्यापाजाऱ्यांत ही बातमी लपत नाही. कदाचित म्हणूनच तसे क्वचित घडत असावे. वीज उरली तर ती समाजमंदिर आणि चर्च यांतील तापकांकडे जाते. थंडीवाऱ्याच्या दिवसांत प्रार्थनेस येणाऱ्यांची बसण्याची जागा त्यायोगे उबदार राहते.

पोर्तो रिकोत 2017 साली असे कोणी नव्हते असे नाही. डोंगरातील आद्हुंतास गावी ‘कासा प्वेब्लो’ नावाची संस्था 1980 पासून काम करीत आली आहे. तांब्याच्या उघड्या खाणींना विरोध करण्यासाठी आलेक्सिस मासोल व तिंती देया या दांपत्याने ती स्थापिली. संस्थेच्या घरावर 1999 पासून सौर पॅनेले होती आणि त्यांच्याबरोबर बॅटरीही. मारियानंतर त्या एका घरात दिवे लागले. लोक फोन भारण्यास आले, श्वासोच्छ्वासाची यंत्रे घेऊन आजारी माणसे आली. संस्थेने हजारो सौर कंदील वाटले आणि नंतर केशकर्तनालये, किराणा दुकाने, घरे अशा ठिकठिकाणी बॅटरीसह पॅनेले बसविण्यास आरंभ केला.

मायक्रो-इन्व्हर्टरांनीही दरम्यान काही शिकून घेतले होते. 2021 च्या अखेरीस असे मायक्रो-इन्व्हर्टर विक्रीस आले, की बाहेरचा ताल थांबल्यास घरास रस्त्यापासून वेगळे करून ते स्वतःच ताल धरू शकतात. टाळकऱ्याने पखवाज वाजविण्यास शिकावे तसेच हे होते. बॅटरी नसल्यास ढग आला की तो ताल डळमळतो, हे खरे. म्हणून रात्रीच्या उजेडासाठी बॅटरीची गरज संपली असे झाले नाही.

18 सप्टेंबर 2022 रोजी ‘फिओना’ वादळाने पोर्तो रिकोची वीज पुन्हा घालविली. त्या रात्री आद्हुंतासमधील सौर घरांत आणि सौर विजेवर चालणाऱ्या अग्निशामक ठाण्यात दिवे चालू होते. पुढे मार्च 2023 मध्ये गावाच्या चौकाभोवतीच्या दुकानांचे सामाईक वीजजाळे सुरू झाले. सुमारे सातशे पॅनेले दुकानांच्या छपरांवर आहेत आणि बॅटऱ्या चौकाजवळ. सरकारी तारेतील वीज गेली की दुकानदार जोडणी तोडतात, आणि गावाचा ताल गावातच धरला जातो.